दार नसलेल्या घराची कडी

“पण मी खरं तेच सांगितलं ना? मग त्यात पाप कसलं, बाबा?”

धुरपा झोपडीच्या मधोमध उभी राहून विचारत होती. कडेवर वर्षाची ठकू. बाहेर टळटळीत ऊन. टेकाड चढून आल्यामुळं धुरपाला धाप लागली होती, आणि छातीवरचा पितळी बिल्ला त्या धापेबरोबर खालीवर होत होता.

दगडूशा फकिरानं मान वर केली नाही. तो शिंदीच्या पात्यांचा झाडू बांधत होता. दोरीचं टोक दातात धरून त्यानं गाठ आवळली.

“बाबा, मी काय म्हणतेय…”

“ऐकलं.”

“मग?”

“तू आत कशी आलीस, लेकी?”

“कशी म्हणजे? चालत.”

“आणि तू आलीस तेव्हा मी काय म्हणालो?”

“काहीच नाही. तुम्ही झाडू बांधत होता.”

“हं…” म्हणून फकिरानं दुसरी जुडी घेतली.

दगडूशाची झोपडी गावाबाहेरच्या टेकाडावर, चिंचेखाली. तिला दार नव्हतं. दोन खांब, वर आडवं लाकूड, खाली पायाखाली गुळगुळीत झालेला उंबरा. चाळीस वर्षांपूर्वी आला तेव्हा झोपडीला दार होतं. ते त्यानं काढून एका बाळंतिणीला खाट करायला देऊन टाकलं. पण दाराची कडी तेवढी ठेवली. डाव्या खांबाला ठोकलेली लोखंडी साखळीची कडी.

त्या मुलखात दारावर थाप मारायची रीत नव्हती. आलेल्यानं कडी वाजवायची. घरातली बाई आतून म्हणायची, “ये गं,” नाहीतर म्हणायची, “थांब जरा, न्हातेय.” मग आलेली ओट्यावर बसायची. एवढीशी गोष्ट. पण पाटलाच्या घरी गेलं तरी तीच आणि मोळीविकणीच्या घरी गेलं तरी तीच.

दगडूशाकडंही लोक कडी वाजवूनच जात. समोर फकीर बसलेला दिसतोय, त्याच्या दाढीत अडकलेली भाकरीची कणीसुद्धा दिसतेय, तरी वाजवायची. तो म्हणायचा, “ये, लेकी.” कधी म्हणायचा, “आत्ता नको.” मग माणूस निमूट चिंचेखाली जाऊन बसायचा. दर शुक्रवारी फकीर कडीला तेल द्यायचा. गावातली टवाळ पोरं म्हणायची, “दाराचा नाही पत्ता आणि बाबा कडीला तेल घालतोय!” बाबाही हसायचा.

आज धुरपा कडी न वाजवता आली होती. तिच्या ते ध्यानातही आलं नव्हतं.

ध्यानात येणार कसं? चार महिन्यांत गावात वाजवायला कडीच उरली नव्हती.

झालं होतं असं. त्या मुलखाच्या राजानं एके दिवशी राजा हा शब्दच पुसून टाकला. “मी कुणाचा राजा नाही,” तो म्हणाला. “हा देश म्हणजे एक घर, आणि मी या घराचा घरधनी.” लोकांना ते फार आवडलं. राजापुढं वाकावं लागतं. घरधनी काय, आपलाच माणूस. वाकायचं ते तेवढंच राहिलं, पण आता लोक आपुलकीनं वाकू लागले.

मग नदीपलीकडच्यांचं भय आलं. पलीकडचे आधीही तिथंच होते. त्यांच्याशी मीठमिरचीची ये-जा होती, सोयरीकही होती. पण आता रोज चावडीवर सांगितलं जाई, की ते टपून बसलेत. आपल्या घरावर डोळा आहे त्यांचा. घराला धोका आहे म्हटल्यावर घरातलं माणूस वाद कशाला घालील? दुसऱ्या गावच्या बाजाराला जायचं तर चिठ्ठी लागू लागली. पारावर चौघं बसले, की पाचवा ऐकायला येऊन बसू लागला. पाणवठ्यावर बायकांनी हळू बोलू नये, असाही हुकूम निघाला. हळू बोलतो तो चोर.

आणि मग हलगी वाजवत दवंडीवाला आला.

“एका घरातली माणसं आपण! घरातल्या घरात कडी लावता ती कुणापासून?”

याला कुणापाशी उत्तर नव्हतं. म्हणजे असेल. पण उत्तर देणाऱ्याला पुढचा प्रश्न ठरलेलाच होता. तुला लपवायचंय तरी काय?

साऱ्या कड्या ओतून एक मोठी घंटा करायची होती. एकोप्याची घंटा. तिचा टोला पडला, की नदीपलीकडं छाती फुटायला हवी.

धुरपानं गावात सगळ्यांत आधी कडी दिली. घाव घालून घालून कोयंडा काढला, त्यात तिच्या खलबत्त्याचा बत्ता वाकला, पण तिनं दिली. नवरा नदीवर पहाऱ्याला गेलेला. तो देशासाठी उन्हात उभा आहे आणि आपण एक कडी देऊ नये? चावडीपुढं तिचं नाव पुकारलं गेलं. घरधन्यानं गावावर नेमलेल्या नायकानं स्वतःच्या हातानं बिल्ला लावला. बिल्ल्यावर एक घर कोरलेलं, सताड उघड्या दाराचं. आणि तिला तिच्या आळीची दारराखीण नेमलं.

कड्या गेल्या आणि गावाला दारराखणी मिळाल्या.

अकरा घरं होती तिच्याकडं. वाटेल तेव्हा जायचं, दार लोटायचं, कुणी दाराला पाटा लावलाय का, खुंटी ठोकलीय का, बघायचं. पहिले दोनचार दिवस ती आत शिरण्याआधी खाकरायची. नंतर तेही सुटलं. पाणवठ्यावर बायका तिला वाट देऊ लागल्या. आजवर कुणी दिली नव्हती. तिला ते गोड लागलं. लागलं म्हणजे लागलं.

“आणि हो,” झोपडीत उभ्या उभ्या धुरपा म्हणाली, “तुमची कडीही न्यायचीय. गावातली शेवटची राहिलीय. उद्या गाडी येणार आहे. नायकानं येऊन तुम्हा म्हाताऱ्याला वेडंवाकडं बोलू नये, म्हणून मीच आले.”

“उपकार झाले.”

“थट्टा नका करू, बाबा.”

“थट्टा कशाची? उपकारच. वाजवली असतीस तर पाणीही विचारलं असतं.”

धुरपाला राग आला. पोराच्या ओझ्यानं कंबर भरून आली होती.

“काय घेऊन बसलात वाजवण्याचं! तुमच्या झोपडीला तरी कुठं दार आहे? घरधनी आज सांगताहेत ते तुम्ही चाळीस वर्षं करताय. आडपडदा नको, कडीकुलूप नको. उलट तुम्हीच चार लोकांना सांगायला हवं.”

फकिरानं पहिल्यांदा तिच्याकडं बघितलं.

“माझं दार कुणी काढलं?”

“तुम्ही.”

“तुझी कडी?”

“मीसुद्धा माझ्या हातानं काढली. कुणी जबरदस्ती नाही केली. पहिली दिली मी!”

“दिली नसतीस तर?”

ठकूनं आईचा बिल्ला तोंडात घातला. दात येत होते तिला, हिरड्या शिवशिवत होत्या. धुरपानं तो काढून घेतला.

“घरातल्या माणसांपासून काय लपवायचं असतं, बाबा?” ती जरा हळू बोलली.

“तुझ्या घरात न्हाणीला पडदा आहे?”

“आहे की.”

“कुणापासून? घरात तर सासूच आहे आणि तू.”

“तसं नाही ते…”

“मग कसं?”

धुरपानं पदर सावरला. मग एकदम म्हणाली, “मी वाद घालायला आले नाही. तुम्हाला एकच विचारायचंय. खरं बोलणं हे पाप आहे का?”

“नाही.”

तिचा जीव भांड्यात पडला. “बघा! मी हेच म्हणत होते. तीन दिवस झाले, डोळ्याला डोळा नाही माझ्या. आणि मी तर खरंच…”

“किती बोललीस?”

“काय किती?”

“खरं.”

…

धुरपाच्याच आळीतली सगुणा तीन दिवसांपूर्वी धरली गेली, हे दगडूशाला ठाऊक होतं. साऱ्या गावाला ठाऊक होतं. विधवा बाई, पन्नाशीची, आळी तिला आक्का म्हणायची. भरदिवसा दार आतून बांधून घरात बसली होती. दार बांधणं म्हणजे घर फोडणं, असा नवा कायदा होता. उद्या सकाळी चावडीत न्याय होता, आणि साक्ष एकटीचीच होती. दारराखणीची.

“काय सांगायचंय उद्या?” फकिरानं विचारलं.

“एवढंच, की दार आतून बांधलेलं होतं.”

“होतं?”

“होतं. मी डोळ्यांनी बघितलं. माझ्या पदरचं काही घातलं नाही.”

“तू हो म्हणालीस की सगुणाचं काय?”

“डोंगरातल्या खाणीवर पाठवतात म्हणे. कुणाला तीन वर्षं, कुणाला सात… ते मी ठरवते का, बाबा? मला विचारतील तेवढं सांगायचं.”

“कशानं बांधलं होतं?”

“अं?”

“दार. कशानं बांधलं होतं?”

“चिंधीनं.”

“कसल्या?”

“होती एक चिंधी. जुन्या दुपट्याची.”

“सगुणाच्या घरात दुपटं? तिला तर पोरबाळ नाही.”

धुरपानं ठकूला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं.

“असेल कुणाचं तरी राहिलेलं…”

फकिरानं झाडू खाली ठेवला. बांधून झाला होता. हातातला कचरा झटकला आणि म्हणाला, “लेकी, बाहेर जा.”

“काय?”

“बाहेर जा. आणि नीट आत ये.”

धुरपाची कानशिलं तापली. आळीतल्या अकरा घरांत ती विचारल्याशिवाय जात होती, आणि इथं या फाटक्या माणसाच्या बिनदाराच्या खोपटात… पण फकीर मान खाली घालून झाडूची पाती सारखी करू लागला होता. जणू झोपडीत कुणी नव्हतंच.

ती तरातरा उंबऱ्याबाहेर गेली.

बाहेर ऊन मी म्हणत होतं. कडी खांबाला लटकत होती. तेलानं काळी झालेली, गुळगुळीत. धुरपा हात लावीना. चार महिन्यांत तिनं कडीला हात लावला नव्हता. लावला होता तो उचकटायला.

ठकूनं मात्र हात पुढं केला. पोराला चकाकतं ते हवं असतं. तिनं साखळी मुठीत धरली आणि हलवली. खळ्ळ… खळ्ळ…

“ये, ठकूबाई,” आतून आवाज आला.

पोर खिदळलं. कडेवरून खाली घसरू लागलं. धुरपानं खाली ठेवलं, तशी ठकू उंबऱ्यावर पोट टेकून पलीकडं गेली आणि वाळे वाजवत सरळ फकिराच्या मांडीशी जाऊन पोहोचली. त्यानं तिच्या हातात नव्या झाडूचं एक पातं दिलं. ती ते चघळू लागली.

“तिला विचारता येतं,” फकीर म्हणाला. कुणाला म्हणाला, कळलं नाही.

धुरपानं कडी वाजवली.

आतून काही आलं नाही.

तिनं पुन्हा वाजवली. जरा जोरात.

फकीर ठकूशी बोलत होता. “हे पातं, बाई. शिंदीचं. खायचं नसतं, पण तू खा…”

“बाबा, मी वाजवलं.”

उत्तर नाही.

आता गंमत अशी, की मध्ये काही नव्हतं. दार नाही, पडदा नाही. एक पाऊल टाकलं असतं तर धुरपा आत होती. तिची पोर आत, ती बाहेर, आणि मध्ये हातभर हवा. पण पाऊल उचलेना. डोक्यावर ऊन, हातात कडी, आणि ती उभी.

माणूस दारात असा थांबला, की त्याला आठवत जातं.

तिला बारव आठवली. आळीच्या टोकाची, पायऱ्यांची विहीर. कड्या दिल्या त्याच आठवड्यातली गोष्ट. तिनं ठकूला घरात निजवलं होतं आणि ती फेरीला गेली होती. सासूला डोळ्यांनी कमी दिसतं. ठकू उठली, रांगत दाराशी आली. दार नुसतं लोटलेलं. पोरीनं डोकं लावून ढकललं आणि बाहेर. सगुणा पाण्याला चालली होती, म्हणून बरं. पोर पहिल्या पायरीवरून खाली झुकलं होतं. सगुणानं कळशी टाकून दिली आणि पायाला धरून ओढलं. त्या कळशीला अजून पोचा आहे.

धुरपा धावत आली तेव्हा सगुणा पोरीला छातीशी धरून तिथंच पायरीवर बसली होती. शिव्या देत होती. “अगं सटवे, कडी कुठाय तुझ्या दाराची? घंटेत गेली ना? आता ही घंटा तुझ्या पोरीला धरून ठेवील का?”

त्या दिवसापासून धुरपा फेरीला निघाली, की ठकूला सगुणाकडं ठेवायची. जाताना दर वेळी सांगायची, “आक्का, लक्ष ठेव गं. नजर चुकली की ही बारवेकडं पळते.”

आणि सगुणा म्हणायची, “तू जा. माझ्या दारातून मुंगी जायची नाही.”

कशी जायची नाही, ते धुरपानं कधी विचारलं नव्हतं.

विचारायचं कशाला? तिला ठाऊक होतं.

तिनं तिसऱ्यांदा कडी वाजवली. या खेपेला हळू. साखळी नुसती हलली.

“बाबा… ते दुपटं ठकूचं होतं.”

आत ठकू पातं चघळत होती. फकीर ऐकत होता की नाही, कळत नव्हतं.

“आक्का तिच्यासाठी दार बांधायची. माझ्या पोरीसाठी. मला माहीत होतं. चार महिने माहीत होतं. मी कधी बघितलं नाही म्हणजे… बघायला गेलेच नाही. दहा घरं तपासायची आणि तिथं फक्त पोर घ्यायला जायची. बाहेरून हाक मारायची, म्हणजे ती आधी सोडून ठेवील.”

…

“त्या दिवशी नायक बरोबर आला. एकाएकी. म्हणाला, चल, आज मीही फेरी बघतो. मी काय करणार? हाक मारायची सोय नव्हती. त्यानं दार लोटलं. उघडेना. त्यानं माझ्याकडं बघितलं, बाबा. नुसतं बघितलं. मला वाटलं, आता मी आधी बोलले नाही तर मलाच… मी म्हणाले, आतून बांधलंय. तो काही म्हणायच्या आधी मी म्हणाले.”

घसा कोरडा पडला होता. पण पाणी मागायचं तोंड नव्हतं.

“त्यानं लाथ घातली. चिंधीच ती. तुटली. आक्का चुलीपुढं बसली होती. आणि ठकू… ठकूनं मला बघितलं. रांगत आली. माझ्या पायाशी येऊन हात वर केले.”

फकिरानं आता मान वर केली होती.

“नायकानं विचारलं, हे पोर कुणाचं?”

धुरपानं कडी घट्ट धरली. लोखंड उन्हानं तापलेलं. तिनं सोडलं नाही.

“मी म्हणाले…”

…

“मी म्हणाले, असेल शेजारचं.”

टेकाडावर वारं नव्हतं. चिंचेवर एक होला घुमत होता, तोही थांबला.

“आक्कानं ऐकलं. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. तिला एक शब्द बोलायचा होता, बाबा. हिचीच पोर आहे, एवढं म्हणाली असती तर ती सुटली असती आणि मी… पण नाही बोलली. पोरीला उचललं, माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, ‘धरा हो जरा, बाई. दुधाची वेळ झालीय हिची.’”

धुरपाच्या डोळ्यांतून पाणी आलं नाही. यायला हवं होतं.

“बाई म्हणाली मला. धरा म्हणाली. सात वर्षं धुरपे म्हणत आली होती ती.”

तिनं पदर ओढून बिल्ल्यावर घेतला. मग तसाच हातानं दाबून धरला.

ठकूला पात्याचा कंटाळा आला. तिनं ते टाकलं आणि फकिराच्या दाढीला हात घातला.

“उद्या मी सगळं सांगितलं तर…” धुरपा म्हणाली. “सांगितलं तर बिल्ला जाईल. जाऊ दे. पण मलाही धरतील. बांधायला लावलं ते मीच. हिचे वडील नदीवर आहेत, त्यांच्यावरही ठपका येईल. सासूला धड दिसत नाही. मला खाणीवर नेलं तर ठकूला कोण बघेल, बाबा?”

“आजवर कोण बघत होतं?”

धुरपाचा चेहरा एखाद्यानं चापट मारावी तसा झाला.

ती मटकन उंबऱ्याबाहेर बसली. पायाला माती पोळत होती. चारचौघींत मिरवलेला तो बिल्ला पदराखालून टोचत होता, आणि ती उघड्या झोपडीपुढं, जिथं अडवायला दारही नव्हतं त्या झोपडीपुढं, भिकारणीसारखी बसली होती. तिला वाटलं, आता बाबानं चार शिव्या द्याव्यात. हाकलून द्यावं. निदान ये तरी म्हणावं.

फकीर उठला. ठकूला काखेत घेऊन उंबऱ्याशी आला. गुडघे कुरकुरले. त्यानं डाव्या खांबाशी हात नेला, कोयंडा थोडा हलवला, आणि कडी अलगद काढून घेतली. इतकी सहज, जशी चाळीस वर्षं ती नुसती अडकवलेलीच होती.

खांबावर तिची खूण तेवढी उरली. लाकडाला पडलेली काळी चंद्रकोर.

“घ्यायला आली होतीस ना?”

धुरपानं मान खाली घातली.

“घे.”

“नको, बाबा.”

“गाडी उद्या येणार म्हणालीस.”

“मला नको ती. मी कुठल्या तोंडानं…”

फकिरानं तिचा हात धरून कडी तळहातावर ठेवली. जड होती. मग ठकूला तिच्या मांडीवर ठेवलं. पोर लगेच पदरात शिरून दूध शोधू लागलं. धुरपानं आडोशासाठी इकडंतिकडं बघितलं. फकीर पाठ वळवून आत गेला आणि भिंतीकडं तोंड करून बसला.

ठकू प्याली. होला पुन्हा घुमू लागला.

उठताना धुरपानं विचारलं, “ही चावडीत जमा करू, का माझ्या दाराला लावू?”

“तुझ्या दाराला कशाला? तुला तर काही लपवायचं नव्हतं.”

“बाबा…”

“सगुणाच्या दाराला लाव.”

धुरपा तशीच उभी राहिली. सगुणाचं घर आळीच्या मधोमध. भरदिवसा तिथं कोयंडा ठोकायचा म्हणजे अकरा घरं बघणार. नायक बघणार. साऱ्या गावात एका दाराला कडी, आणि ती दारराखणीनं लावलेली. मग उद्या चावडीत सगळंच सांगावं लागणार.

“पण घरात कुणी नाही, बाबा. तिला तर नेली.”

“ठाऊक आहे.”

“मग रिकाम्या घराला…”

फकिरानं नवा झाडू उचलला, उंबऱ्याशी सांडलेली पाती गोळा केली आणि मान वर न करता म्हणाला,

“लाव, वाजव… आणि आतून सगुणा ‘ये गं धुरपे’ म्हणेपर्यंत दारातून हलू नकोस.”